भाषण मागं घेता येत नाही

४ ऑगस्ट, सोमवार

दहावीचा विज्ञानाचा तास रिकामा. रोजच असतो. जूनपासून पद रिक्त. तासिकेवर शिकवायला आलेला मुलगा चाकणला कंपनीत लागला. त्याला दोष देणार नाही, त्यालाही पोट आहे. त्या वर्गाचा गोंगाट आता कानाला सवयीचा. आज आवाज नाही, म्हणून डोकावले. सगळी मुलं ओंकारच्या बाकाभोवती. कंपासपेटीला टेकवून मोबाईल उभा केलेला.

"काय चाललंय?"

"नवे सर शिकवतायत, मॅडम," ओंकार म्हणाला. हशा.

एआय. पोरांनी त्याचं नाव 'नवे सर' ठेवलंय.

मुली मागं उभ्या, मुलांच्या बाकाला न चिकटता. पल्लवी तिथूनच ओरडत होती, "ओंक्या, त्येला इचार, चंद्र पन पडतोय म्हनतंय तर आजून पडला का नाय?" ओंकारनं विचारलं. उत्तर आलं. ती उभ्याउभ्या मांडीवर वही ठेवून लिहीत होती.

तास संपल्यावर तिला बाजूला घेतलं. म्हणाली, घरी वडलांचा फोन असतो. वाडीच्या वर खडकावर रेंज येते, संध्याकाळी तिथं बसून विचारते. "गाईडात उत्तर असतं मॅडम, 'का' ते नसतं. ह्येला 'का' इचारता येतं."

मी रागावणार होते. वाक्य तयार होतं. बाहेर आलं नाही.


६ ऑगस्ट, बुधवार

पल्लवीचं कळलं ते टिपून ठेवते. तळेघरच्या वरच्या वाडीची. तिला नर्सिंगला जायचंय. वडील, लखूदादा (तीही दादाच म्हणते), म्हणालेत: विज्ञानात चांगले गुण पडले तर घोडेगावला अकरावी, नाहीतर घरी. त्यांचं तरी काय चुकलं. रोजची एसटी, उतरून पुढं चालणं, घरची भातशेती. एका मुलीला आणखी दोन वर्षं पाठवायची तर काहीतरी दिसायला हवं.

गेल्या चाचणीत विज्ञानात वर्गात दुसरी. शिक्षक नसताना.


११ ऑगस्ट, सोमवार

मराठीच्या तासाला 'माझे गाव' या विषयावर निबंध आणायला सांगितले होते. गठ्ठा उघडला. निम्मे निबंध 'निसर्गाच्या कुशीत वसलेले माझे टुमदार गाव' इथूनच सुरू. सगळ्यांच्या गावात खळखळणारी नदी, सगळ्यांच्या गावात प्रेमळ माणसं. ओंकारच्या शिनोलीत तर मोहरीची पिवळी शेतं डोलतायत.

"तुझ्या गावात मोहरी कुणी पेरली रे?"

"एआयनं."

वर्ग पडला हसून. मीही हसले, आणि स्टाफरूममध्ये येऊन गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून वाचला. पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आले की तुझं वाक्य तुझं असू दे, मोडकं असलं तरी चालेल. मोडकी वाक्यं संपली. एकही वाक्य मोडकं नाही, आणि एकही कुणाचं नाही.

पल्लवीनं मात्र स्वतः लिहिलंय. 'आमच्या वाडीत पाऊस येतो तेव्हा शेजारच्या घरी पन ओरडून बोलाव लागत.' शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवल्या. लाल पेन चाललं नाही.


१३ ऑगस्ट, बुधवार

मुख्याध्यापक सर म्हणाले, पंधरा ऑगस्टला तुम्हीच बोला. पालक बरेच येणार. "जरा जोरात होऊ द्या, मॅडम. तुमचं भाषण म्हटलं की माणसं थांबतात."

विषय ठरलेलाच आहे. पाऊस कोसळायच्या आधी यावं तसं भरून आलंय.


१५ ऑगस्ट

बोलले. चांगलं झालं. खोटं कशाला, फार चांगलं झालं.

कागद घेतलाच नव्हता. आठवतं ते: "ज्या पोराला प्रश्न पडायच्या आत उत्तर मिळतं, त्याला पुढं प्रश्नच पडत नाहीत. आणि ज्याला प्रश्न पडत नाहीत त्याला कुणीही हाकतं." टाळ्या. मग त्या टाळ्यांच्या जोरावर एक वाक्य आलं, आधी मनात नव्हतं: "घरात साप निघाला तर तो पोरांच्या हातात खेळायला देता का? मग हा कसा दिला?" हातात मोबाईल उंच धरला होता. माझाच.

मग टाळ्या थांबेनात. एक आजोबा येऊन म्हणाले, "बाई, अंगावर काटा आला बघा." पल्लवी मुलींच्या रांगेत. ती टाळ्या वाजवत नव्हती, एवढंच दिसलं.

संध्याकाळी बोरीहून आईचा फोन. "तुझं भाषण आलं की गं आपल्या मोबाईलवर! तुझ्या मामीलाबी पाठवलं." कुणीतरी चित्रण केलं होतं. मोबाईलविरुद्धचं भाषण मोबाईलवरून इथल्या नि बोरीकडच्या, दोन्ही तालुक्यांत फिरतंय. आई खूश. बाबा असते तर म्हणाले असते, सभेत बोलायला शिकवलं तुला, पण थांबायला—


१८ ऑगस्ट, सोमवार

वर्गात एकही फोन नाही. पालकांनी शनिवारीच काढून घेतले. मु.अ. सर हात जोडून म्हणाले, "शासनाला जमलं नाही ते तुम्ही केलं."

दिवसभर ताठ मानेनं चालले. विज्ञानाच्या तासाला पुन्हा गोंगाट. तोही गोड वाटला.


२३ ऑगस्ट, शनिवार

पालकसभा. ठराव: विद्यार्थ्यांच्या हाती शाळेच्या आवारात फोन दिसणार नाही, कुणी देणारही नाही. सूचक मी. हात भराभर वर गेले.


१ सप्टेंबर, सोमवार

ओंकारच्या खिशात परत फोन. शाळेत बंद ठेवतो म्हणे.

"दिला का रे पप्पांनी?"

"पप्पांना बाजारभाव बघता येत नाय मॅडम. म्हनले, घे बाबा तूच, मला दाखवत जा."

मग विचारत गेले. सगळ्या मुलांना फोन परत मिळालेत. कुणाला बाजारभावासाठी, कुणाला मोटर चालू करायला, कुणी नुसता रुसून बसला म्हणून.

मुलींकडे वळले. एकीनंही मान वर केली नाही. पल्लवी म्हणाली, "आमचा नाय मिळाला."

"अजून?"

"आता नाय मिळायचा मॅडम. दादा म्हनले, पोरीच्या हातात साप नको."

माझं वाक्य. माझ्या वाक्याला मुलगी की मुलगा हा शब्दच नव्हता. तो त्यांनी घातला. की मी जागा ठेवली होती म्हणून तो बसला?


१० सप्टेंबर, बुधवार

चाचणीचे गुण. पल्लवी विज्ञानात काठावर. बाकी विषयांत जिथल्या तिथं.

पेपर दाखवायला घेतला तर म्हणाली, "जेवडं कळलं तेवडं लिवलं." आवाजात तक्रार नाही. तक्रार असती तर बरं झालं असतं, तिच्याशी भांडता आलं असतं.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

मु.अ. सरांकडे गेले. पद कधी भरणार?

"भरतीच्या पोर्टलवरून येईल."

"कधी?"

"मॅडम, मी पोर्टल आहे का?"

खरं आहे. तेही हतबल. मी टेबलावर हात आपटला, मग त्यांचा चहाचा कप सावरला. एवढंच झालं.

तोवर विज्ञानाचा तास मी घेते म्हणाले. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.


१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला तास घेतला. गुरुत्वाकर्षण. रात्रभर वाचून गेले होते. सफरचंद, चंद्र, समुद्राची भरती, माणसाच्या मनाची ओढ, सगळं आणलं. मुलं तोंडाकडे बघत राहिली. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

मग पल्लवीनं हात वर केला. "मॅडम, ह्ये गनित?"

धड्याखालचं उदाहरण. मी फळ्यावर मांडलं. सूत्रापर्यंत आले. पुढं खडू थांबला. ओंकार मागून हळूच, "नव्या सरांना इचारू का?"

तास छान झाला. गणित सुटलं नाही.


२५ सप्टेंबर, गुरुवार

मीच सुचवलं होतं, शाळा सुटल्यावर ओंकारच्या फोनवर विचारत जा. काल पल्लवी एसटी स्टँडवर त्याच्याजवळ उभी राहून विचारत होती. आज मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर दोघांची नावं. पोरं ओंकारला "दाजी" म्हणतायत. तोही रडकुंडीला आला, म्हणाला, "मॅडम, तिला सांगा ना दुसऱ्याला इचार."

दुसऱ्याला म्हणजे कुणाला.

पल्लवी आता सुटल्या सुटल्या सरळ एसटीत जाऊन बसते.


५ ऑक्टोबर, रविवार

तळेघरला जाऊन आले. एसटीतून उतरल्यावर चढ. भाताची लोंबी पोटरीतून बाहेर येतेय, नाचणीची कणसं वळायला लागलीत. लखूदादा बांधावर होते. मला बघून धावत आले, पोरगी आजारी पडली की काय म्हणून.

घरात नेलं. वहिनींनी कोरा चहा दिला. पल्लवी आतल्या दारात.

मी म्हणाले, तुमचा फोन तिला द्या. संध्याकाळचा थोडा वेळ. अभ्यासासाठी.

लखूदादांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्याडम, तुमी माजी परीक्षा घेताय का?"

"नाही दादा. खरंच सांगते."

"आवो, तुमीच म्हनला ना, साप पोरांच्या हातात देता का? आख्ख्या वाडीनं आयकलं. देवळाफुडं बसून आयकलं. म्या तर लई येळा आयकलं." त्यांनी ते भाषण सगळं ऐकवलं. जिथं मी थांबले होते तिथं ते थांबले, जिथं आवाज चढवला होता तिथं त्यांनी चढवला. हातसुद्धा वर केला.

मी म्हणाले, मी तेव्हा अर्धंच बोलले. फोन वाईट नाही, वापरण्यावर आहे. ती त्याच्याकडून निबंध लिहून घेत नाही, ती त्याला प्रश्न विचारते.

"मग तवाच का नाय म्हनला?"

वहिनी मध्ये पडल्या. "आवो, म्याडम येवडं वर चढून आल्यात…"

"तू थांब. मला येक कळू दे." आवाज चढला नव्हता. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना. "तुमी तवा खऱ्या का आता खऱ्या?"

हा प्रश्न मला. मला. ग्रामसभांत, जयंतीच्या मंचांवर, संस्थेच्या बैठकांत ज्या बाईला आजवर कुणी गप्प करू शकलं नाही.

म्हणाले, "दोन्ही वेळा."

ते म्हणाले, "आसं नसतंय म्याडम."

मुलांच्या घरी फोन परत दिलेत, हेही सांगून पाहिलं. "पोराचं येगळं. पोरीचं काय झालं तर लोक तुमचं भाषन मलाच आयकवतील."

निघताना पल्लवी चढाच्या खालपर्यंत सोडायला आली. एसटी दिसल्यावर म्हणाली, "तुमचं भाषन लई भारी व्हतं मॅडम. म्हनून तर."


६ ऑक्टोबर, सोमवार

दुसरं भाषण करावं का? आधीच्याच्या विरुद्ध? कोण ऐकेल. उलटं वाक्य सापासारखं चावत नाही. 'विचारपूर्वक वापरा', हे देवळासमोर बसून कोण ऐकणार. तोल सांभाळून बोललेलं कुणी पुढं पाठवत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी कधी तसं बोलत नाही.


३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. जुन्नरचे एक ओळखीचे विज्ञानाचे सर काल, रविवारी, येऊन शिकवून गेले. माझ्या शब्दाखातर. निम्मा वर्ग भातकापणीला. पल्लवीही. पुढच्या रविवारी त्यांना जमणार नाही, त्यांचा खासगी क्लास असतो.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

शिक्षकांचं एआय प्रशिक्षण. तज्ज्ञ तरुण, उत्साही, मनानं चांगला. एका मिनिटात पाठ-नियोजन, एका मिनिटात प्रश्नपत्रिका. शिक्षक टाळ्या वाजवत होते, अर्धे तर प्रश्नपत्रिका आधीपासून तिथूनच काढतात.

मी उठले. "ज्या वर्गाला शिक्षकच नाही, त्या वर्गाचं नियोजन करून दाखवा."

वाटलं, सभागृह गप्प होईल.

त्यानं तेही करून दाखवलं. छान मुद्देसूद होतं. सगळे हसले, मीही बसताना हसले.


१० नोव्हेंबर, सोमवार

माझ्या फोनवर एआय घेतलं. पहिल्यांदा. दार लावून, चोरी करावी तसं.

भिंगांचा धडा विचारला. 'उत्तल लेंस' म्हणालं. आपल्या पुस्तकात बहिर्वक्र भिंग. मराठीच्या कातड्याखाली हिंदी. दरडावल्यावर सुधारलं, आभारही मानले. पण समजावून सांगतं खरं. न कंटाळता. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर कपाळाला आठी नाही. माझ्या कपाळाला येते.

आणि पल्लवी त्या खडकावर बसून याच्याशी काय बोलत असेल, ते पहिल्यांदा कळलं.


१२ नोव्हेंबर, बुधवार

मधल्या सुट्टीत पल्लवीला ग्रंथालयात बोलावून माझा फोन दिला. काय तो चेहरा! एकामागून एक प्रश्न, तीन महिन्यांचे साठलेले. ओठ हलत होते.

मु.अ. सर दारात. तिला वर्गात पाठवलं, मग म्हणाले, "मॅडम, ठराव तुमचाच आहे."

"मीच मोडते."

"तुम्ही मोडाल. उद्या एखाद्या पालकानं पाहिलं तर बोलणी तिला बसतील. तिचे वडील तर शाळाच बंद करतील तिची."

हे मात्र बरोबर बोलले. फोन पर्समध्ये टाकला.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आता असं चाललंय: पल्लवी प्रश्न मला सांगते. मी घरी जाऊन त्याला विचारते. उत्तर माझ्या अक्षरात कागदावर उतरवते, आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला सगळ्या वर्गाला सांगते. टपाल वाटणारी झाले आहे. पत्र कुठल्या भाषेत आहे हे न कळणारी.

निदान तिच्यापर्यंत पोचतंय.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्ग खूश. ओंकार म्हणाला, "मॅडम, नव्या सरांपेक्षा तुमी भारी सांगता." त्याला माहीत नाही. की माहीत आहे?


२ डिसेंबर, मंगळवार

पल्लवीचा प्रश्न: "वस्तू भिंगाच्या लई जवळ ठिवली की प्रतिमेचं अंतर वजा येतं. अंतर वजा कसं आसंल मॅडम? आमचं घर शाळेपासून वजा आसू शकतं का?"

काय प्रश्न आहे! पंधरा ऑगस्टला मी ज्या पोराला प्रश्न पडत नाहीत म्हणून ओरडत होते, ते पोर हे नव्हतंच.

घरी येऊन विचारलं. उत्तर: प्रतिमा वस्तूच्याच बाजूला पडते, म्हणून वजा. उतरवून घेतलं. सहज म्हणून पुन्हा विचारलं, "नक्की का?" लगेच: क्षमस्व, आपली शंका योग्य आहे, प्रतिमा उलटी असते, म्हणून वजा. तेही उतरवलं.

मी नुसतं 'नक्की का' म्हटलं होतं. माझ्यासमोर इतक्या लवकर कुणी माघार घेतली नव्हती आजवर. जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

पुस्तक उघडलं. चिन्हांच्या संकेतांची वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. व्याकरण लागलं, अर्थ लागला नाही. गणिताला मी शाळेतच घाबरत असे. जुन्नरच्या सरांना फोन लावला. वाजून बंद झाला, क्लासची वेळ.


३ डिसेंबर, बुधवार

पर्समध्ये दोन कागद. खडू हातात. पूर्वपरीक्षा महिन्यावर. लखूदादांनी निरोप पाठवलाय, पूर्वपरीक्षेचे गुण बघून घोडेगावचं ठरवू.

'मला माहीत नाही' असं म्हणायचं ठरवून गेले होते. खरंच ठरवलं होतं. वर्गात शिरले, सगळ्या वह्या उघडल्या गेल्या, आणि त्या अपेक्षेनं गप्प झालेल्या चेहऱ्यांसमोर माझं तोंड जसं उघडायला शिकलंय तसंच उघडलं. दोन कागदांपैकी जे वाक्य बोलायला चांगलं होतं ते बोलले. मध्ये थांबले, जिथं थांबायचं तिथं. आवाज चढवला. कुणी हललं नाही.

सगळ्यांनी लिहून घेतलं. पल्लवीनंही. मग तिनं पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"नक्की ना, मॅडम?"

यंत्राला एवढं म्हटलं तरी ते मागं सरतं.

"लिही," मी म्हणाले. आवाज खणखणीत लागला.

तिनं वाक्याखाली रेघ मारली.